गुलाबी नांगर आणि बायकोचा खोकला

बंदरावर त्यांना सगळे कप्तान म्हणत. जन्मात त्यांनी होडीसुद्धा हाकली नव्हती. तीस वर्षं गेली ती बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडण्यात. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी पांढरी टोपी घेतली, बंदर कार्यालयाकडून वाटाड्याचा बिल्ला मिळवला आणि पाहुण्यांना गाव दाखवायला लागले. तेव्हापासून गावाला इतका इतिहास फुटला की गावकऱ्यांनीच तोंडात बोटं घातली. पाण्याच्या टाकीत चाचे लपून बसले होते, जाळी विणायच्या पडवीत कुणी राजा घोरत पडला होता. दीपगृहाच्या पायऱ्या तर दर हंगामात वाढत होत्या.

अखेर तक्रार गेलीच. एक पाहुणा त्या घोरणाऱ्या राजाचं नाव शोधत तीन ग्रंथालयं पालथी घालून आला होता. कार्यालयातल्या नव्या मॅडमनी निरोप धाडला: उद्या मी स्वतः फेरीला येते. एक थाप ऐकली की बिल्ला परत.

कप्तानांच्या तोंडचं पाणी पळालं. बिल्ला गेला तर रोज सकाळी दाढी तरी कुणासाठी करायची?

"तुम्ही फक्त खरं बोला," बायको म्हणाली.

"सवय नाही गं."

"मी येते मागोमाग. थाप निघाली की खोकते. तिथेच गिळून टाका."

दुसऱ्या दिवशी नऊ पाहुणे, वहीवाल्या मॅडम आणि सगळ्यांत मागे बायको, अशी फेरी निघाली.

"ही टाकी. हिच्यात चाचे..."

खोक्.

"...नव्हते. पाणी होतं. आता गळते."

पडवीपाशी कप्तानांचा ऊर भरून आला. "आणि इथे एक राज..."

खोक्.

"...राजरोस जाळी विणतात."

एका पाहुण्याने जबडा निखळेल अशी जांभई दिली. दुसरीने बायकोला वाफ घ्यायचा सल्ला दिला. मॅडम काही दूधखुळ्या नव्हत्या. दुसऱ्या खोकल्यालाच त्यांना मेख कळली आणि दर खोकल्याला वहीत एकेक फुली पडू लागली.

असं करत मंडळी धक्क्यावर आली. तिथे जुने सात नांगर ओळीने मांडलेले. सहा काळे, चौथा गुलाबी.

"हा एकटाच असा का हो?" एका आजीबाईंनी विचारलं.

इथे कप्तानांची सगळ्यांत लाडकी गोष्ट होती. "एका राजकन्येनं..."

खोक्.

कप्तानांनी टोपी काढली, परत घातली. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी घरीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"मीच रंगवला," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. एक मुलगी मावशीकडे राहायला आली होती, गावात नवीन. मी तिला म्हटलं, नांगरापाशी भेटू. तेव्हा सातही काळे. मी दुसऱ्यापाशी उभा, ती सहाव्यापाशी, मध्ये हे धुकं. दोघंही तोंड फुगवून घरी गेलो. मग कारखान्याचं दार रंगवून उरलेला डबा आणला, पहाटे हा फासला आणि निरोप दिला, गुलाबी नांगरापाशी ये. तिला वाटलं, तो आधीपासूनच तसा. कारखान्याचा रंग कार्यालयाच्या वस्तूला लावला म्हणून नोकरी गेली असती, तर तिच्या मावशीनं मला दारात उभं केलं नसतं. म्हणून गप्प बसलो. मग सांगायचं राहूनच गेलं."

मागून खोकला आला. साधासुधा नाही, चांगला दणदणीत.

"सापडली थाप!" मॅडमनी फुली मारली. "काढा बिल्ला."

"अहो मॅडम, हा तो खोकला नाही!" बायको गर्दीतून पुढे घुसली. तिचे डोळे भरून वाहत होते. "माझा घसाच दाटून आला. मीच ती सहाव्यापाशी उभी होते. आणि या माणसानं चाळीस वर्षं मला पत्ता लागू दिला नाही!"

मॅडमनी नांगराच्या गुलाबी रंगावरून बोट फिरवलं.

"कार्यालय दर वर्षी सहा काळे रंगवतं आणि एक गुलाबी," त्या सावकाश म्हणाल्या. "गुलाबी का, म्हणून मी तीन महिने डोकं फोडतेय. फाइलीत कारण लिहिलंय, 'पूर्वीप्रमाणे'. त्यापूर्वीही 'पूर्वीप्रमाणे'. चाळीस वर्षं!"

त्यांनी शेवटची फुली खोडली. "बिल्ला राहू द्या. राजकन्या मात्र बंद. हीच गोष्ट सांगायची."

जांभईवाल्या पाहुण्याने त्या नांगरापाशी बायकोसोबत फोटो काढून घेतला. कप्तानांना कुणी विचारलंही नाही.

घरी जाताना कप्तान हळूच म्हणाले, "रडलीस ना गं?"

"छे! वाऱ्यानं पाणी आलं डोळ्यांत."

कप्तान खोकले.