आपटा छे?

आमच्या तरसालीच्या सोसायटीत कॉमन प्लॉटच्या कोपऱ्यात एक आपटा होता. तो कोणी लावलेला नव्हता. सोसायटी व्हायच्या आधी इथे शेत होतं, त्या शेताच्या बांधावरचा. दिसायला वाकडातिकडा, फांद्या लोंबलेल्या, उन्हाळ्यात निम्मा बोडका. वर्षभर त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. दसऱ्याला मात्र आमच्या रांगेतली सगळी मराठी घरं पिशव्या घेऊन त्याच्याखाली. गुजराती शेजारी सकाळपासून फाफडा-जिलेबीच्या दुकानापुढे उभे आणि आम्ही झाडाला लोंबकळलेले. संध्याकाळी एकमेकांच्या हातावर पानं ठेवून ‘सोनं घ्या’ म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच सोनं केरसुणीने लोटायचं.

गटाराची नवी लाइन टाकताना कंत्राटदाराने तो तोडला. आडवा येत होता म्हणे. मी दुपारची पडले होते. उठून बाहेर येईपर्यंत बुंधा ट्रॉलीत गेलेला.

मी रडले-बिडले नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या घरी गेले. ते गुजराती, पण बडोद्यात जन्म गेल्यामुळे मराठी समजतं आणि निम्मं बोलतातही.

“मासी, झाडाला झाड देतो ना. आसोपालव, तुमचा उंच अशोक, लावू. सरळ वाढतो, कचरा नाही.”

“आपटा तोडलात, आपटाच लावा.”

“तो कुठे मिळतो?”

“मी आणते.”

ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी चार दिवसांत विसरेल. म्हणाले, “आणा. कोपऱ्यात खड्डा राखून ठेवतो. पण नवरात्र बसायच्या आत झाड लागलं पाहिजे. नाहीतर तिथपर्यंत ब्लॉक बसणार. गरब्याला जागा कमी पडते.”

सिमेंटचे ब्लॉक एकदा बसले की कोणाच्या बापाला ते उकरता येत नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणून नवरात्रीच्या आत आपटा आणायचा, एवढंच मी डोक्यात ठेवलं.

खाजगी नर्सरीवाल्यांकडे विचारलं. त्यांच्याकडे गुलाब, क्रोटन आणि बाटलीसारख्या पोटाचे पाम. आपटा म्हटलं की तोंडाकडे बघतात. एकाने सांगितलं, अशी रानटी झाडं सरकारी वनखात्याच्या रोपवाटिकेत मिळतील. त्यानेच वाघोडियाच्या पुढच्या रोपवाटिकेचा फोन नंबर दिला.

फोन मी स्वतः लावला. घरात मी आणि माझी नणंद, दोघीच. नणंद गुजराती शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही, आता रिटायर. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे माझं बोलणं सुधारण्याचं काम त्यांनी अजून सोडलेलं नाही. त्या म्हणाल्या, “वहिनी, द्या इकडे, मी बोलते.” मी दिला नाही. त्यांना फोनवर अर्धंच ऐकू येतं.

पलीकडून माणूस बोलला. मी विचारलं, “भाई, रोपा, आपटा छे?”

तो म्हणाला, “हमणां नथी आपता, माजी. वरसाद पडे पछी आवजो.”

मी फोन ठेवला आणि नणंदेला सांगितलं, “आत्ता नाहीत. पाऊस पडल्यावर आपटे येणार.”

सगळा उन्हाळा मी निवांत होते. सेक्रेटरी भेटले की मी म्हणायची, “सांगून ठेवलंय.” पाऊस चांगला लागल्यावर आम्ही दोघी एसटीने वाघोडियाला गेलो, तिथून रिक्षा केली. रोपवाटिका मोठी होती. हिरवी जाळी, खाली काळ्या पिशव्यांचे वाफे. नीलगिरी, साग, आसोपालव. फोनवरचाच माणूस भेटला. तिथला रखवालदार.

“भाई, तुम्ही पावसानंतर बोलावलं होतं. आपटा द्या.”

“आपीए छीए ना, माजी. शुं आपुं?”

“आपटा.”

“हा, पण शुं?”

“आपटा!”

“आपीश, आपीश. पण झाडनुं नाम तो कहो!”

नणंद तोंडावर पदर धरून हसायला लागली. मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. गुजरातीत आपवुं म्हणजे देणं. मी फोनवर ‘आपटा आहे का’ विचारलं, त्याने ऐकलं ‘रोपं देता का’. तो म्हणाला होता, ‘आत्ता देत नाही.’ साठ वर्षांवर मी या शहरात राहते, रोज भाजीवाल्याला ‘आपो’ म्हणते, आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही.

“मला बोलू दिलं असतंत तर उन्हाळा वाचला असता,” नणंद म्हणाली.

“तुम्ही बोलला असतात तर त्याने साग पाठवला असता. आता त्याला आपट्याचं गुजराती नाव सांगा.”

नणंदेला ते नाव येत नव्हतं. बत्तीस वर्षं गुजराती शिकवलं, पण घरात आपटा तो आपटाच. त्याला दुसरं नाव असेल असा विचार करायची वेळच कधी आली नव्हती.

मी पिशवीतून पान काढलं. मागच्या दसऱ्याचं, देवघरात राहिलेलं, वाळून कडक झालेलं. दोन पाळ्या मात्र नीट होत्या. रखवालदाराने ते बघितलं आणि आम्हाला एका वाफ्यापाशी नेलं. तिथल्या रोपांची पानंही दोन पाळ्यांची, पण मोठी आणि गुळगुळीत.

“हा कांचन,” मी म्हटलं.

“घ्या ना, वहिनी,” नणंद म्हणाली. “फुलंही येतात. दसऱ्याला बाजारात हेच विकतात, कोणाला कळतंय?”

“मला कळतंय.”

आपट्याचं पान लहान, जाड, उंचीपेक्षा रुंदीला जास्त, आणि खालून खरखरीत. रखवालदाराने वाळलं पान पुन्हा हातात घेतलं, पालथं करून बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारला. “अरे, आ तो आसितरो! आनी तो बीडी वळाय! एम बोलो ने, माजी.”

आमचं सोनं, त्यांची बिडी. नाव तर मिळालं. पण ते रोप त्यांच्याकडे नव्हतं. चांगल्या जमिनीच्या भागात लोक आसितरो मागत नाहीत, म्हणून लावत नाहीत. डोंगरापलीकडच्या कोरड्या मुलखात, खडकाळ माळावर झाडं लावायची असतात, तिथल्या रोपवाटिकेत बघा, असं तो म्हणाला.

परतीच्या एसटीत नणंद म्हणाली, “आता पुरे. गुडघे बघा स्वतःचे.”

“गुडघे बघून झाले. पुढच्या आठवड्यात निघायचं.”

तिकडे पोचायला एक एसटी, मग दुसरी, मग छकडा. छकडा म्हणजे मागे पत्र्याचा हौदा लावलेली तीनचाकी, त्यात माणसं, बकऱ्या आणि डबे एकत्र. पावसाळा असूनही तिकडची जमीन ओली दिसत नव्हती. पाणी पडतं आणि दगडांवरून निघून जातं. रोपवाटिका लहान. जाळी फाटकी. पण वाफ्यांत खैर, बोर, कडुनिंब, शमी आणि कडेला ओळीने आपटे. वीतभर उंचीचे, पानं धुळीने पांढरी. मी वाकून एक पान पालथं केलं. खरखरीत.

तिथला फॉरेस्टर चाळिशीचा, तोंडाने फटकळ; बोलला गुजरातीतच, म्हातारीला म्हणतात तसं मला ‘बा’ म्हणत. मला आवडला.

“शहरात नाही देत, बा. ही रोपं माळासाठी वाढवलीत. तुम्ही नेता, फोटो काढता, रोज बादली ओतता, मुळं कुजतात. मग पुन्हा येता.”

“मी फोटो काढत नाही. मला येत नाही.”

“कशाला पाहिजे?”

नणंद लगेच संस्कृती, परंपरा, पर्यावरण असलं शुद्ध गुजरातीत सुरू झाली. मी त्यांना थांबवलं. “आमच्याकडे होता. कंत्राटदाराने तोडला. खड्डा तयार आहे. नवरात्रीआधी लागला नाही तर ब्लॉक बसणार.”

“दसऱ्याला पानं वाटता ना तुम्ही मराठी लोक?”

“वाटतो.”

“मग पहिल्याच दसऱ्याला ओरबाडून मारणार. त्यापेक्षा ब्लॉक काय वाईट?”

तो खरं बोलत होता. जुन्या झाडाच्या फांद्या आम्ही दरवर्षी मोडत होतो, म्हणूनच ते तसं वाकडं झालेलं. मी तिथल्या सिमेंटच्या टाकीच्या कडेवर काठी टेकून बसले.

“उठा, बा. एसटी जाईल.”

“जाऊ दे. मी शाळा चारच इयत्ता शिकले, पण ऐकून घ्यायला शिकले. सांगा, किती पाणी, किती वर्षं पानाला हात लावायचा नाही, माती कसली. तुम्ही सांगाल ते करीन. आणि पानाला हात लावायला आलं कोणी, तर ही काठी आहे.”

त्याने काठीकडे बघितलं. मग नणंदेकडे बघून विचारलं, “बेन, या खरंच मारतात?”

“मला एकदा लागलीय,” नणंद म्हणाली. ते खोटं होतं. पण उपयोगी पडलं.

त्याने दोन रोपं दिली, एक मेलं तर दुसरं म्हणून. पिशवी कापून काढायची, मुळाची माती फुटू द्यायची नाही, पाऊस असेपर्यंत पाणी नाही, पुढे आठवड्यातून एकदा. “पाच वर्षं एक पान तोडायचं नाही,” तो म्हणाला. येताना छकड्यात एक रोप मी मांडीवर धरलं, एक नणंदेने. एका बकरीने नणंदेच्या रोपाचा शेंडा खाल्ला.

नवरात्र बसायच्या आधी खड्ड्यात माझ्या मांडीवरचं रोप लागलं. नणंदेचं बोडकं रोप गॅलरीत कुंडीत ठेवलं. सेक्रेटरी बघायला आले आणि म्हणाले, “मासी, एवढंसंच?” पण शब्दाला जागले. ब्लॉक खड्ड्याच्या अलीकडे थांबले. मी भोवती तीन विटा उभ्या केल्या आणि गरब्याच्या नऊ रात्री तिथे खुर्ची टाकून बसले. मुली नाचत कोपऱ्यापर्यंत आल्या की काठी आडवी धरायची.

दसऱ्याच्या सकाळी पहिली शेजारीण आली. मराठीच, चांगली बाई, हातात तबक.

“काकी, बाजारात सगळा कांचन आहे हो. देवापुरतं एकच पान.”

“नाही.”

“सणासुदीला नाही म्हणता? झाड तुमच्या एकटीचं आहे का?”

“तुझंच आहे. पाच वर्षांनी ये.”

“पाच वर्षांनी तुम्ही असाल का, काकी?”

“काठी असेल.”

ती फणकारून गेली. तिच्यामागे आणखी दोघी येताना दिसल्या, त्यांच्यामागे सेक्रेटरीची बायको, गंमत बघायला. कोणी तोंड उघडायच्या आत गॅलरीतून नणंदेने सगळ्यांना ऐकू जाईल असं शुद्ध गुजरातीत ओरडून सांगितलं, “हमणां नथी आपता!”