वसंताचा नवस

वसंता माझ्यासाठी मारुतीला नवस बोलला होता, हे मला तो गेल्यानंतर कळलं, आणि खरं सांगतो, माझा विश्वासच बसला नाही. अमरावतीला त्याच्या तेरवीचा स्वयंपाक आटोपला होता, पाहुणे पांगले होते. वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊजी, यायचं एक देनं राहून गेलं. तुमी दवाखान्यात होते न, तवा यायनं तुमच्यासाठी मारुतीले रोडगे कबूल केले होते." मला वाटलं, दुःखात त्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. वसंता आणि रोडगे, देवापुढे गोवऱ्यांत भाजायचे ते कणकेचे गोळे? वसंता आणि मारुती?

अकोल्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे तो पाटबंधाऱ्यात इंजिनिअर झाला, निवृत्त होऊन अमरावतीला राहिला. मी अकोल्यात मास्तरकी केली. मैत्री मात्र कधी निवृत्त झाली नाही. मी देवाधर्माचा माणूस. शनिवारी रुईची माळ मारुतीला घातल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. आणि हा पठ्ठ्या पक्का नास्तिक. माझ्या घराच्या वास्तुशांतीला सगळे हात जोडून उभे असताना हा गच्चीवर जाऊन तांब्याभर पाणी ओतून आला आणि भटजींच्या देखत म्हणाला, "पूजा झकास झाली, पन गच्चीचा ढाळ उलटा हाय." असा राग आला होता मला! पुढच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, तेव्हा स्वतःच गवंडी घेऊन हजर. ढाळ नीट करून घेतला आणि जन्मभर मला त्यावरून चिडवलं.

गेल्या वर्षी हिवाळ्यात अकोल्यातच माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि नंतर जखमेत विष भिनलं. ताप उतरेना. डॉक्टरांनी घरच्यांना सांगून टाकलं की नातेवाइकांना बोलावून घ्या. मी शुद्धीत असलो की मनातल्या मनात रामनाम घ्यायचो, पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत माझा धीर पार सुटला होता. जन्मभर ज्याची माळ चुकवली नाही, तो कुठे आहे, असं सारखं वाटे. वसंता मात्र रोज अमरावतीहून एसटीने यायचा. काचेच्या दारातून त्याचं टक्कल दिसलं की बरं वाटायचं. आत सोडलं की म्हणायचा, "काय म्हंते तुहा मारुती? ड्युटीवर हाय का सुट्टीवर?" मग एका सकाळी ताप उतरला, आणि पुन्हा चढलाच नाही. मी घरी आलो, चालू-फिरू लागलो. आणि दिवाळीनंतर धडधाकट वसंताच झोपेत गेला. यातलं काहीच मला समजलं नाही, आजही समजत नाही.

आता हा नवस. मी वहिनींना खोदून खोदून विचारलं, कोणता मारुती? त्यांना गाव माहीत नव्हतं. एवढंच ठाऊक, की दवाखान्यात येताना एकदा एसटी रस्त्यात बंद पडली आणि तिथल्या मारुतीला वसंता हा नवस बोलला. मी बरा झाल्यावर त्या मागे लागल्या, तर वसंता म्हणाला, "पावसाळा होऊ दे, मंग जाऊ." रोडग्यांचा आणि पावसाळ्याचा काय संबंध, हे त्यांना कळलं नाही, मलाही कळेना. पण माझ्या जिवासाठी बोललेलं देणं त्याच्या डोक्यावर तसंच राहिलं, या विचाराने मला जेवण जाईना. जिथे बोलला तिथेच ते फेडायचं, दुसरीकडे नाही, असं मी ठरवून टाकलं.

माघातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. मी, माझी बायको, वहिनी आणि भाड्याची जीप. कणीक, तूरडाळ, वांगी, तूप, गोवऱ्या, पातेली, सगळं भरून घेतलं. अमरावतीहून दर्यापूरच्या रस्त्याने अकोल्याकडे, वसंताची एसटी जायची तसेच. रस्त्यावर मारुती दिसला की मी टुणकन उतरायचो आणि भेटेल त्याला विचारायचो, "गेल्या हिवाळ्यात इथं एसटी बंद पडली होती का हो?" लोक हसायचे. एक आजी म्हणाली, "बाप्पा, एसटी त रोजच बंद पडते. तुमाले कोनती पाह्यजे?" दर्यापूर मागे पडलं, उन्हं चढली, वहिनींचा चेहरा उतरला. माझाही सगळा जोर संपला. पुढे रस्त्याच्या कडेला निंबाखाली एक लहानसं देऊळ दिसलं. समोर टिनाचा मंडप, बाजूला हरभऱ्याचं शेत. विचारायलाही कुणी नव्हतं. मी जीप थांबवली, मारुतीपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "माझी शोधाशोध संपली. तो नवस तुझा असो की दुसऱ्याचा, आता तूच घे."

मग हुरूप आला. गोवऱ्यांचा जाळ केला, बायकांनी कणीक मळली, रोडगे वळले. मी हातपंपावरून पाणी आणून डाळ चढवली. रोडगे फुफाट्यात खरपूस होऊ लागले, वांगी शिजली, आणि डाळ आपली टणक ती टणकच! जाळ वाढवला, ढवळून ढवळून हात दुखले, दाणा फुटेना. अन् एकदम डोक्यात उजेड पडला. खारपाणपट्टा! इथलं जमिनीतलं पाणी खारं, त्यात तूर शिजत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, आणि मी अमरावतीहून गोवऱ्यासुद्धा आणल्या पण पाणी आणलं नव्हतं. बायको माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती इथे लिहीत नाही. वरणाशिवाय रोडग्यांचा नैवेद्य कसा दाखवायचा? मी डोक्याला हात लावून बसलो.

तेवढ्यात हरभऱ्याच्या शेतातून एक म्हातारे गृहस्थ बांध ओलांडून आले. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. पातेल्यात डोकावून खो खो हसले. "काहून जाळ वाया घालून राहिले भाऊ? सांजलोक बी नाई शिजत ते. देवळामांगं टाकी हाय न, गोड पान्याची! बरसातीचं पानी हाय. घ्या न त्यातलं."

मी मागे जाऊन पाहिलं. मंडपाच्या टिनाला पन्हाळ, पन्हाळीतून पाइप, गाळणीचा हौद आणि पुढे झाकणाची सिमेंटची टाकी. सगळं कसं ओळंब्यात. मी तसाच माघारी आलो. "चाचा, ही टाकी कोणी बांधली?"

"अमरावतीचे एक टकले सायेब होते. मांगच्या थंडीत त्यायची एसटी इथंसा बंद पडलती. माह्या घरून चाय आनून देल्ला, त घोट घेऊन म्हंते, चाचा, चायमंदी मीठ टाकलं का? मी म्हनलं, पानीच खारं हाय सायेब. मंग उन्हाळाभर येत राह्यले. गावातले पोट्टे कामाले लावले, सोता उभं राहून ढाळ काढला. म्हंते, मले इथं रोडगे कराचे हायेत, वरन शिजलं पाह्यजे."

"अकोल्याले जातो म्हून सकाळीच निघत," वहिनी म्हणाल्या. आणि उन्हाळ्यात माझ्याकडे तर तो संध्याकाळी पोचायचा! म्हणून पावसाळा होऊ दे! मी वेड्यासारखा हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी चाचांचे दोन्ही हात धरले, वसंता गेल्याचं सांगितलं आणि विचारलं, तो नवस बोलला तेव्हा तुम्ही इथे होता का?

चाचांनी रुमालाने डोळे पुसले. मग म्हणाले, "होतो न. मी या निंबाखाली बसलतो. मले वाटलं, माह्याशीच बोलून राह्यले. पाह्यतो त मारुतीशी भांडत होते. म्हने, पाह्य मारुती, माहा तुह्यावर काई विश्वास नाई. पन त्याचा हाय. लहानपनापासून हाय. त्याच्यासाठी तरी त्याले उभा कर. मी रोडगे घेऊन येतो."

टाकीच्या पाण्यात डाळ बघता बघता विरघळली. नैवेद्य दाखवला, रोडगे फोडून तुपात बुडवले. चाचांनी घरच्यांना बोलावून आणलं, रस्त्याने जाणारे थांबले, आणि निंबाखाली पंगत बसली. मी वाढत सुटलो होतो, बायको ओरडत होती, जरा बसा, छातीचं ऑपरेशन झालंय! कोण ऐकतो? इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नसेल.

त्या रस्त्यावरच्या इतक्या मारुतींमधून मी दमून, हार मानून त्याच एका देवळापुढे कसा थांबलो, याचा मी विचार करत नाही. कुणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. वसंता असता तर त्यानेही तेच म्हटलं असतं. मला एवढंच कळलं, की मी शोधत होतो तोवर सापडलं नाही आणि सोडून दिलं तेव्हा त्याने हाताला धरून नेलं. त्याने म्हणजे मारुतीने की वसंताने, तेही मी आता विचारत नाही. दोघांचेही पाय धरावेसे वाटतात.

शनिवारची माळ अजून चालू आहे. पूर्वी मी माळ घालताना काही ना काही मागायचो, प्रकृती, मुलाची नोकरी, नातवाची परीक्षा. आता नुसता हात जोडून उभा राहतो. माझ्यासाठी मागायचं ते वसंता मागून गेला आहे.