कलेजीची बादली

बेरेझा गावात कुणाच्या घरी काय शिजतंय हे तिघांनाच कळायचं: फादरना, डॉक्टरला आणि ओरेस्ट पाझुकला. त्यातही फादरना लोक सांगत तेवढंच कळायचं, आणि डॉक्टरशी तर सरळ खोटंच बोलत. ओरेस्टशी खोटं बोलायची सोय नव्हती. तो फ्रिज दुरुस्त करायचा, आणि दुरुस्त करायचा म्हणजे आधी उघडावा लागतो.

एक्केचाळीस वर्षं त्याने हेच काम केलं. पाहुणा येणार म्हणून माणूस भांग पाडतो, फ्रिजाला कुणी भांग पाडत नाही, असं त्याचं म्हणणं. आपण दारू सोडली असं स्टीव्ह फिलिप्चुक चर्चच्या पायरीवर जो भेटेल त्याला सांगत सुटला होता. ओरेस्टने ते खरं मानलं भाजीच्या खणात बिअरच्या जागी टोमॅटोच्या रसाचे बावीस डबे पाहिल्यावर. वसंतात गुरंढोरं असलेल्या घरी दुधाशेजारी चिकाची बाटली आणि वासरांची लस दिसली, की घरातल्यांची झोप झालेली नाही हे ओळखून तो आवाज न करता काम उरकायचा. पीटर लोझिन्स्की पन्नाशीचा सडाफटिंग, पण त्याच्या फ्रिजात लोण्याच्या कप्प्यात एकदा लाल नेलपॉलिशची बाटली निघाली. ओरेस्टने कप्पा लावला, थर्मोस्टॅट बदलला आणि चार महिने ब्र काढला नाही. लग्नाच्या दिवशी पीटरने त्याला मिठी मारली ती इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ. आणि नवरा गेल्यावर मिसेस डाकांच्या फ्रिजातली अंडी डझनावरून अर्ध्या डझनावर आली, पण नवऱ्याच्या आवडीची तिखट मोहरीची बाटली दर खेपेला नवी असायची. बाईंना स्वतःला मोहरीचा वासही खपत नव्हता.

या सगळ्याचा त्रास एकाच माणसाला व्हायचा, तो म्हणजे त्याची बायको स्टेला. तिला सगळं ऐकायचं असायचं.

"काय होतं रे मिसेस डाकांकडे?"

"दूध."

"आणि?"

"थंड दूध."

"मेल्या, असं सगळं पोटात ठेवून एक दिवस तुझाच कॉम्प्रेसर जळेल," ती म्हणायची, आणि रागारागाने कणीक तिंबायला घ्यायची.

आता बादलीचं सांगायला हवं. चार लिटरची, पांढरी, प्लॅस्टिकची, बाहेरून व्हॅनिला आइस्क्रीमचं चित्र. आइस्क्रीम एका रविवारात संपतं, बादली वीस वर्षं पुरते. तिच्यात बोर्श्च नावाचं बिटाचं सूप जातं, कोबीचे रोल जातात, बागेतलं बीट जातं, आणि तळघरातल्या आडव्या फ्रीजरमध्ये अशा बारा-पंधरा बादल्या एकावर एक बसतात. पोर आनंदाने झाकण उघडतं आणि आत आंबट कोबी निघतो. त्या दिवशी बालपण संपलं असं इथे समजतात. झाकणावर चिकटपट्टी असते, तिच्यावर आतल्या मालाचं नाव असतं, पण ते बहुतेक मागच्या मालाचं. म्हणून बादलीवर आणि एप्रिलवर भरवसा ठेवू नये, अशी गावातली म्हणच आहे.

स्टेलाच्या बादल्यांवर तर मुळीच ठेवू नये. कारण ती मुद्दाम चुकीचं लिहायची. ओरेस्टला सुकवलेल्या आलुबुखारचं सारण भरलेल्या पिरोहींचा भारी सोस. करंजीसारख्या मुडपलेल्या, नखाएवढा गोड गोळा पोटात असलेल्या त्या पिरोही सहा जानेवारीच्या पवित्र संध्याकाळी, म्हणजे जुन्या पंचांगाच्या नाताळच्या आदल्या रात्री, उपासाच्या बारा बिनमांसाच्या, बिनदुधाच्या पदार्थांत मांडायच्या असत, आणि हा गडी नोव्हेंबरातच तळघरात उतरून त्या कच्च्या, गोठलेल्या, दगडासारख्या चावून खायचा. म्हणून तिने एका वर्षी निळ्या पेन्सिलीने लिहिलं: "कुत्र्याची हाडं." त्यांच्या घरी कुत्रा नव्हता. हे ओरेस्टच्या लक्षात यायला दोन हिवाळे लागले.

त्यातही एक गंमत होती. दर वर्षी एकाच पिरोहीत ती आलुबुखारऐवजी मिरीचे दाणे भरायची. जो तिच्यावर दात मारेल त्याने त्या संध्याकाळची सगळी भांडी घासायची. पाझुकांच्या घरात ती पिरोही दर वर्षी न चुकता ओरेस्टच्याच वाट्याला यायची. "नशीबच फुटकं माझं," म्हणत तो खोकत खोकत बाह्या वर करायचा आणि स्टेला एप्रन सोडून आरामखुर्चीत बसायची.

शेवटच्या वर्षी, हिवाळ्याच्या तोंडावर, स्टेलाच्या अंगात रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरने सांगितलं: कलेजी खा. तिने पहिल्याच दिवशी गाईची कलेजी कांदा घालून तळली. ओरेस्टला त्या वासाने मळमळायचं, लहानपणापासून. बाहेर उणे अठरा असताना त्याने घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या खिडक्या उघडल्या.

"या घरात पुन्हा हे तळलंस तर मी गॅरेजात राहायला जाईन."

"जा की. हीटर घेऊन जा, म्हणजे रडत परत यायला नको," स्टेला म्हणाली आणि हसली. पण पुन्हा तिने कलेजी तळली नाही. लोहाच्या गोळ्या घेतल्या.

एकोणीस डिसेंबरला दुपारी त्याच आरामखुर्चीत तिचं हृदय थांबलं. रक्ताचा आणि याचा काही संबंध नाही, डॉक्टरने दहादा सांगितलं. सांगणाऱ्याचं काय जातं.

त्या हिवाळ्यातल्या पवित्र संध्याकाळी शेजाऱ्यांनी पदार्थ आणून दिले. मुलीने, लारिसाने, रिवाजाप्रमाणे गेलेल्या माणसाचं एक जादा ताट मांडलं. जेवण झाल्यावर ओरेस्टने मोजलं तर पदार्थ अकराच होते. आलुबुखारच्या पिरोही नव्हत्या. या वर्षी तिला करायला झालंच नसेल, दोघांनी मनाशी म्हटलं.

आठवडाभराने तो तळघरात फ्रीजर आवरायला गेला तेव्हा अगदी तळाशी ती बादली निघाली. निळ्या पेन्सिलीचं गोल अक्षर: "कलेजी. नोव्हेंबर."

आख्ख्या गावाचे फ्रिज वाचणाऱ्या माणसाला हे वाचायला किती वेळ लागणार? बाईने औषध म्हणून आणली होती, नवऱ्याच्या नाकापायी न खाता तळाशी घातली. त्याने बादली न उघडता होती तिथे ठेवली आणि फ्रीजरचं झाकण लावलं.

पुढच्या दोन-अडीच वर्षांत स्टेलाच्या हातचं बाकी सगळं संपलं. बोर्श्च संपलं, बीट संपलं. ही एक बादली राहिली. टाकवत नव्हती, कारण तिचं अक्षर होतं. खाववत नव्हती, कारण कलेजी होती. रोज सकाळी तो खाली जाऊन फ्रीजरची घरघर ऐकायचा, झाकणाचं रबर बोटाने चाचपायचा आणि वर यायचा. फ्रीजर लग्नातला होता, त्याचे सुटे भाग मिळेनासे होऊनही जमाना लोटला होता.

"टाटो, ती बादली टाका आता," लारिसा फोनवर बापाला म्हणायची.

"कुणाचं काय खातेय ती?"

यंदा ऑगस्टात ओरेस्टच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यासाठी तो सॅस्कटून शहरात लारिसाकडे तीन दिवस राहिला. चौथ्या दिवशी ती त्याला घरी सोडायला आली. बाहेर उन्हाने गहू करपत होता. ओरेस्ट टोपीसुद्धा न काढता तळघराच्या जिन्यावर गेला, आणि चौथ्या पायरीवर थांबला. खालून काहीच आवाज येत नव्हता.

कॉम्प्रेसर जळला होता. हात लावताच त्याला कळलं. गावातले असे शंभर त्याने पुरले होते. झाकण उघडलं तर वरचे मटार मऊ, पाव ओलसर. त्याने खांद्यापर्यंत हात घालून तळाची बादली काढली. थंडगार होती, पण बाहेरून घाम सुटला होता आणि हलवली की आत काहीतरी हलत होतं. एकदा पाघळलेलं परत गोठवायचं नाही, हे त्याने एक्केचाळीस वर्षं घरोघर बजावलं होतं. आता ते त्याच्याच गळ्यात आलं.

लारिसा काळ्या पिशव्या घेऊन खाली आली. "द्या इकडे."

"नाही."

"टाटो, अडीच वर्षांची कलेजी आहे ती."

"थंड आहे अजून. मी खाणार."

"तुम्ही? दुसऱ्याच्या घरी कलेजी शिजली तर बर्फात उभे राहणारे तुम्ही?"

"खायला हवी होती तेव्हा तिला खाऊ दिली नाही," ओरेस्ट म्हणाला. "तिने माझ्यामुळे ठेवून दिली, लारिसा. माझ्या नाकामुळे. मी खाणार. तू पाहिजे तर गॅरेजात जाऊन बस."

लारिसाने पिशव्या खाली ठेवल्या. हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. ती वर गेली आणि कांदा चिरायला घेतला.

ओरेस्टने बादली वर आणली आणि तवा तापत ठेवला. खिडक्या सगळ्या बंद केल्या, मुद्दाम. मग नाकाने श्वास घ्यायचं थांबवून त्याने झाकणाखाली अंगठे घातले.

आत पिठाने पांढऱ्या झालेल्या पिरोही होत्या. थोड्या एकमेकींना चिकटलेल्या, एकीची कड फाटून आतून काळंभोर आलुबुखार दिसत होतं.

ओरेस्टला बराच वेळ ते समजेना. त्याने झाकण फिरवून पाहिलं, "कलेजी" वाचलं, परत आत पाहिलं. नव्या डोळ्यावर त्याचा अजून विश्वास नव्हता.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

लारिसा खांद्यावरून डोकावली आणि कांद्याचा हात तोंडावर ठेवून हसत सुटली. "कुत्र्याची हाडं कळायला दोन हिवाळे लागले, आणि ही कळायला अडीच वर्षं! अहो, बादलीवरचं खरं मानलंत? तुम्ही?"

"मला वाटलं..."

"तुम्ही ज्याला शिवणार नाही असं एकच नाव होतं या घरात. तेच लिहिलं तिने."

ओरेस्ट खुर्चीवर बसला. म्हणजे ती त्याच्यावर रुसली नव्हती, मनात काही ठेवून गेली नव्हती. त्याने खिडक्या उघडून तमाशा केला आणि तिने त्यातून चोराला फसवायची एक नवी युक्ती काढली. आणि गालातल्या गालात हसत, सहा जानेवारीची वाट पाहत, ती बादली तळाशी ठेवली. बारावा पदार्थ तिने केला होता. अडीच वर्षं तो घरातच होता.

तव्याऐवजी मोठं पातेलं चढलं. बाहेर तीस अंशांचं ऊन, रस्त्यावर पोरं अनवाणी, आणि लारिसाने टेबलावर नाताळचा भरतकामाचा रुमाल अंथरून ताटं मांडली. दोन नाही, तीन.

"ऑगस्टात 'ख्रिस्त जन्मला' म्हणायचं का?" ओरेस्टने विचारलं.

"त्याला राग यायचा नाही. वाढू?"

"वाढ. वर सायही घाल. आज उपास नाही."

लारिसाने चमच्याने एकेक निवडून वाढलं. आईच्या ताटात दोन, स्वतःच्या चार, बापाच्या सहा. आवरण जरा चिवट झालं होतं, फ्रीजरचा वास लागला होता, पण आलुबुखार तेच होतं. ओरेस्टने तीन खाल्ल्या, डोळे मिटून. चौथीवर दात मारला आणि त्याच्या कानातून धूर निघाला. मिरी! तो ठसकला, खोकला, पाण्याचा पेला रिकामा केला. लारिसा अगदी निष्पाप चेहऱ्याने खिडकीबाहेर बघत होती.

"तू दिलीस," तो म्हणाला.

"मी कशाला देऊ? नशीब तुमचं."

"लारिसा."

"कडेला तीन चिमटे असतात," ती म्हणाली. "मी सात वर्षांची होते तेव्हा आईने दाखवलं. दर वर्षी ती बघून वाढायची. शपथ घातली होती मला."

"दर वर्षी?"

"एकही चुकवलं नाही. आख्ख्या गावाचे फ्रिज वाचता टाटो, स्वतःच्या ताटातली पिरोही कधी वाचता आली नाही तुम्हाला."

ओरेस्ट हसायला लागला. हसता हसता त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ऑपरेशनच्याही आणि दुसऱ्याही.

"अहो, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणालेत डॉक्टर!"

"बाहेरचं. आतल्याबद्दल काही बोलले नव्हते."

जेवण झाल्यावर लारिसा ताटं उचलायला लागली, तर त्याने तिचा हात धरला.

"मिरी कुणाला आली?"

"तुम्हाला."

"मग बस गुपचूप."

तो उठला, बाह्या वर केल्या आणि गरम पाणी सोडून तिन्ही ताटं घासायला घेतली. आरामखुर्चीकडे पाठ होती त्याची. "नशीबच फुटकं माझं," तो मोठ्याने म्हणाला, तिकडे ऐकू जाईल अशा बेताने.