आत्याच्या गाडीचं पासिंग

स्वतः तपासून पाहिल्याशिवाय माझी कमलआत्या कशावरही विश्वास ठेवत नसे. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात ती सिस्टर होती. नवा थर्मामीटर आला की आधी स्वतःच्या तोंडात धरून बघायची. कोणाकडे गेली तर खुर्ची हलवून पाहिल्याशिवाय बसायची नाही. तरुणपणी तिला बघायला एक स्थळ आलं होतं. आमचं अंबरनाथचं घर तिसऱ्या मजल्यावर. मुलगा वर पोचला, तेव्हा पाणी देण्याआधी आत्याने त्याचा हात धरून नाडी मोजली. ती मंडळी चहा न घेताच उतरली. आजीने डोळ्याला पदर लावला, तर ही म्हणाली, "दुसऱ्या मजल्यापासूनच धापा टाकत होता तो. मी इथून ऐकलं."

अशा बाईने एक जुनी, लांबलचक परदेशी मोटार न तपासता घेतली, यावर आमच्या घरात अजूनही कोणाचा नीट विश्वास बसत नाही.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा सुमार असेल. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका सिंधी कापडवाल्या शेठच्या आईला इंजेक्शन द्यायला आत्या त्यांच्या घरी जायची. तिथे पत्र्याखाली ही सायरंगी गाडी झाकून ठेवलेली असे. शेठच्या वडिलांची. ते गेले, तशी ती उभीच होती. एक दिवस शेठने कव्हर काढून मागचा दरवाजा उघडून दाखवला. आत सोफ्यासारखी तपकिरी चामड्याची सीट, मध्ये हात टेकायला गादी. आत्याने त्या सीटवरून हात फिरवला आणि घेते म्हणाली. तिने बॉनेटही उघडायला लावलं नाही. शेवटी शेठच कासावीस झाला. "सिस्टर, एक बार चलाके तो देखो," असं तो परत परत म्हणत राहिला, आणि आत्या नको म्हणत राहिली.

कारण आजोबा होते. आजोबांनी सगळी नोकरी मुंबईच्या एका शेठकडे ड्रायव्हर म्हणून काढली. एकाहून एक भारी गाड्या चालवल्या, पण मागच्या सीटवर त्यांनी फक्त फडकं फिरवलं होतं. त्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी आत्याला ओळखीची म्हणून बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की आता फार दिवस धरून चालू नका. त्यानंतर आठवड्याभरात गाडी दारात आली. चालवत आत्याच घेऊन आली. तिला गाडी शिकवली होती आजोबांनीच.

आजोबा जिना उतरून आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं, "पासिंग आहे का?"

पासिंग नव्हतं. गाडी जुनी, कागदांची मुदत संपलेली. ती रस्त्यावर चालवायला धड आहे असं इन्स्पेक्टरने नव्याने लिहून द्यायला हवं होतं. आजोबा म्हणाले, मग मी बसणार नाही. जन्मभर बिनपासिंगची गाडी चालवली नाही, आता मागे बसून तरी कशाला जाऊ? आणि ते काठी टेकत परत वर निघून गेले.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. रजा टाकून आत्याबरोबर पासिंगला गेले. आरटीओच्या फाटकाबाहेर एक एजंट चिकटला. गाडी दाखवायचीसुद्धा गरज नाही, तुम्ही घरी जा, कागद पोचतील, म्हणाला. आत्याने त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"न बघता पास? मग माझे वडील बसतील ते कशात?"

इन्स्पेक्टर किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा होता. त्याने डावा सिग्नल द्यायला सांगितला, तर वायपर फिरले. वायपर लावायला सांगितले, तर हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. दिवे लावले तर एक समोर, दुसरा थेट झाडाच्या शेंड्याकडे. हॅंडब्रेक ओढून आत्या खाली उतरली आणि गाडी शांतपणे तिच्या मागोमाग चालू लागली. रांगेतल्या टेम्पोवाल्यांची तर चांगलीच करमणूक झाली. इन्स्पेक्टर मात्र हसला नाही. गाडी कोणासाठी घेतली, एवढं त्याने विचारलं. आत्याने वडिलांचं सगळं सांगितलं. मला वाटलं, आता पाघळणार.

"मग तर ब्रेक फारच नीट पाहिजेत, सिस्टर," तो म्हणाला, आणि नापास लिहून मोकळा झाला.

परतताना मी चिडले होते, आत्या खूश होती. तो माणूस हात लावून बघतो, असं तिने मला अंबरनाथ येईपर्यंत सांगितलं. मग कापडवाल्या शेठने लाजेकाजेस्तव आपला मेकॅनिक पाठवला. पुढचे दिवस आत्या ड्यूटी संपली की गॅरेजात. मेकॅनिक पाना मागायचा, ही ऑपरेशनला हत्यार द्यावं तसा त्याच्या तळहातावर थापायची. तो पुढे पुढे तिला विचारल्याशिवाय स्क्रूही पिळेना. दुसऱ्या वेळी इन्स्पेक्टर स्वतः शेजारी बसला आणि वेगात असताना ब्रेक मारायला सांगितला. आत्याने मारला. त्याचा चष्मा उडून काचेवर आपटला. तो उचलून पुसत त्याने पास लिहिलं.

रविवारी आजोबा इस्त्रीचे पांढरे कपडे घालून मागे बसले. मी पुढे, आत्या चालवायला. आम्ही बदलापूरकडे निघालो. थोड्या वेळाने मागून आजोबांचं क्लचवरून पाय काढ, सायकलवाल्याला जागा दे, असं सुरू झालं. आत्या म्हणाली, "बाबा, मागे बसणारे असं बोलत नाहीत." चिखलोलीच्या पुढे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. आत्या घाबरली, नाडी बघायला धावली.

"काही झालं नाही मला," आजोबा म्हणाले. "पण इथून नुसती तुझी मान दिसते, कमल. शेठलाही तीस वर्षं माझी मानच दिसली असेल. मला पुढे येऊ दे."

मी मागे गेले. पुढे जांभूळच्या रस्त्याला गाडी तापली आणि बॉनेटमधून वाफ निघायला लागली. आजोबांनी अस्तन्या वर केल्या, गावातून कळशीभर पाणी मागवलं आणि इंजिन निवेपर्यंत आत्याला रेडिएटरवर व्याख्यान दिलं. पांढऱ्या सदऱ्याला काळे डाग पडले. एवढे आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. असे आणखी बरेच रविवार मिळाले आम्हाला. डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा जास्त.

ते गेल्यावर आत्याने गाडी विकायला काढली, पण गिऱ्हाईक टिकेना. गाडीतला एकेक दोष ही आधी सांगायची, मग त्यालाच चालवायला लावायची आणि नापास करायची. एकाला तर खड्ड्यात गाडी आदळली म्हणून अर्ध्या रस्त्यातून बसने घरी पाठवलं. शेवटी बदलापूरचे एक निवृत्त मास्तर आले, बायकोला शेजारी बसवून. गाडी सुरू करण्याआधी त्यांनी बायकोला विचारलं, नीट बसलीस ना? आत्याने तिथेच किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

गाडी वळेपर्यंत ती फाटकात उभी होती. मग वर आली आणि पदर तोंडावर घेऊन भर दुपारी झोपली. रात्रपाळीनंतरही दिवसा न झोपणारी बाई ती. संध्याकाळी दिवे लागले, तरी आम्ही कोणी तिला उठवलं नाही.