वैशाखातला धोतरा

कुंपणापलीकडे धोतरा फुलला आहे. पावसाळ्यात हेच झुडूप तरारलेलं असतं, पण तेव्हा त्याचं विष पातळ असतं. उन्हं तापली की पानं आक्रसतात आणि विष त्यांच्यात दाटत जातं. आम्हाला हे फार उशिरा कळलं.

माझ्या वडिलांना, आप्पांना, दमा होता. आई धोतऱ्याची वाळलेली पानं चुरून त्यांच्या विडीत भरायची. श्रावणात तोडलेली संपली, म्हणून तिनं वैशाखात नवी तोडली. माप तेच ठेवलं, चिमूटभर.

त्या दुपारी आप्पांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या. समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघून ते हसले.

"ये रे वामन, बस. किती वाळलास!"

वामनकाका त्यांचा धाकटा भाऊ. तो विहिरीत बुडून गेला, त्याला कैक वर्षं झाली होती.

डॉक्टरांनी आप्पांना वाचवलं. चुलीत घातली तर धूर होईल म्हणून आईनं उरलेली पानं परसात पुरली. झाड ऋतूगणिक बदलत राहतं, चिमूट मात्र आपली तीच असते.

विडी सुटली. पण वैशाख आला की आप्पा कुंपणाशी जाऊन उभे राहतात. आज सकाळी मला हळूच म्हणाले, "यंदा ऊन चांगलं तापलंय गं."