नियम लिहून दे, हौसाबाई

कामतघरच्या कारखान्यात बावीस वर्षं कापडाचे ताके तपासणाऱ्या हौसाबाईचं डोकं हल्ली रोज फिरायचं. हेड चेकरची जागा रिकामी होती आणि ती तिलाच मिळणार, हे लूमवरच्या पोरांनीही गृहीत धरलं होतं. पण केसरीनाथ शेठचं एकच टुमणं: "खराब माल कशावरून ओळखतेस, त्याचे नियम लिहून दे. मग हेड हो."

आता लिहायचं काय, कपाळ! शेठचा इंजिनिअर मुलगा प्रितम वही घेऊन बसला.

"गाठ दिसली की माल खराब," हौसा म्हणाली आणि पुढचाच ताका तिनं पास केला.

"काकी, यात तर गाठीच गाठी!"

"अरे दादा, ह्या सुतात त्या असतातच. ती त्याची शोभा हाय."

"बरं. आणि डाग?"

"डाग खराब. हा सोडून. हा धुतल्यावर जाईल."

"कशावरून?"

"दिसतंय ना! तुला न्हाय दिसत?"

प्रितमनं वही मिटली. "अडाणी बाई, सांगताच येत नाही हिला," असं शेठ सगळ्यांदेखत बोलून गेला. हौसाला ते फार लागलं. दोन दिवस जेवण गोड लागेना.

मग प्रितमनं कॅमेऱ्याचं मशीन आणलं. आता म्हणे नियमबियम काही नकोत! काकीनं खराब जागी नुसतं लाल बटण दाबायचं, मशीन बघून बघून शिकेल. दोन महिने तिनं दातओठ खात बटण दाबलं.

शेवटी शेठ बघायला आला. मशीननं एक ताका खराब म्हणून दाखवला.

"का रे, काय झालंय त्याला?"

"मशीनला कारण नाही सांगता येत, बाबा. आत नियम लिहिलेलेच नाहीत. हजारो ताके बघून त्याला कळतं."

"वा! भलतंच हुशार हाय!"

झालं! हौसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्याला सांगता येत न्हाय तर ते हुशार, न् मला सांगता येत न्हाय तर मी अडाणी? हा कुठला न्याय, शेठ?"

शेठ वरमला. "तसं न्हाय गं. तू बस की मशीनपाशी. चुकलं तर सांग."

"हेड म्हणून बसेन. न्हायतर त्या मशीनलाच इचारा, कुठं चुकलास म्हणून."

शेठनं प्रितमकडं बघितलं. "स्वतःची चूक त्याला नाही कळत, बाबा. काकीच लागेल," प्रितम म्हणाला.

"बरं, हेड म्हणून," शेठ पुटपुटला.

"मोठ्यानं बोला, शेठ. लूमवरच्या पोरांना ऐकू जाऊ द्या."