कार्डिफच्या रेडिओतली रिकामी खुर्ची

सुनेला बजावलंय, मी बोलते तसं उतरवून घे, मध्ये शहाणपणा नको. तर कार्डिफला गेलो ते नातीपायी. मिहिका गिटारवर कंट्रीची, अमेरिकन गुराख्यांच्या ढंगाची गाणी रचते. तिचा बाप, माझा लेक सतीश नॉटिंगहॅमची ड्यूटी करून येतो आणि ती कानावर पडली की ऐकायच्या आधीच घोड्यासारखा खिंकाळतो. सकाळच्या रेडिओवरचा माणूस कंट्री म्हटलं की खिंकाळतो, तेच हा उचलतो. कार्डिफचं स्टेशन नवी गाणी लावतं म्हणे. मिहिका म्हणाली, "आजी, त्यांनी माझी सीडी नाही घेतली ना, तर गिटार विकणार मी."

लंडनच्या स्टॅनमोरहून पहाटे निघावं, मोटरवे मोकळा मिळतो. धपाटे बांधून घ्या. मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमधला चहा म्हणजे रंगीत पाणी. वाटेतल्या पुलाचा टोल पूर्वी वेल्समध्ये, म्हणजे कार्डिफच्या बाजूला, शिरतानाच घ्यायचे, बाहेर पडणं फुकट. जावयाच्या घरासारखं.

गाडीच्या रेडिओवरचं लंडनचं स्टेशन वाटेत खरखरत विझलं. पुलापलीकडे कार्डिफचं लागलं आणि धपाट्याचा घास तोंडातच राहिला. तोच आवाज! "गुड मॉर्निंग, कार्डिफ!" निघताना हाच "गुड मॉर्निंग, लंडन!" म्हणाला होता आणि मी रोजच्यासारखं उत्तरही दिलं होतं. तेच हसू. मग तेच खिंकाळणं.

"बंद कर ना, आजी."

स्टेशन गोदामांच्या रांगेत. काउंटरवरच्या पोरीने आम्हाला स्टुडिओच्या काचेपाशी नेलं. आत लाल दिवा, फिरती खुर्ची. माणूस नाही. स्पीकरमधून मात्र तो सांगत होता, खिडकीतून बघतोय, काय सुंदर ऊन पडलंय! बाहेर पाऊस कोसळत होता.

"हा आहे कुठे?"

मी म्हटलं. मिहिकाने तेच इंग्रजीत विचारलं. पोरगी म्हणाली, "लंडनमध्ये. परवाच बोलून ठेवलंय, सगळ्या गावांसाठी. गाणी कम्प्युटर निवडतो."

तिने सीडी पुढे केली. पोरीला खरंच वाईट वाटलं. "कंट्री? सॉरी गं. लोकांना नाही आवडत."

"लोकांना कधी ऐकवलंत?" मी म्हटलं. मिहिकाने इंग्रजी केलं. पोरीने काचेकडे पाहिलं, जणू आतल्याला विचारून सांगणार. खुर्ची हळूच वळली. वारा असेल म्हणावं, तर त्या खोलीला खिडकीच नव्हती.

परतताना मिहिकाने गिटार डिकीत टाकली, प्रेत ठेवावं तशी.

आता सकाळी तो "गुड मॉर्निंग" म्हणाला की मी गप्प राहते. मग तोही क्षणभर थांबतो, असं वाटतं.

काल स्वयंपाकघरात मीच ती सीडी लावली. कोण, काय, काही सांगितलं नाही. सतीश भांडी पुसता पुसता थांबला. ड्यूटी संपवून मध्यरात्री नॉटिंगहॅमहून घरी येणाऱ्या बापाचं गाणं. "छान आहे गं. कुठल्या स्टेशनवर लागतं?"

कुठल्याच नाही, सतीश. ते कंट्री होतं. तुझ्या पोरीने गिटार विकायला काढलीय, आणि तो बाप तू आहेस. वर तिच्याकडे जा.